रिमफायर रायफली : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकांतील जुन्या रायफलींवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत सर्वाधिक प्रश्न रिमफायरचे होते, म्हणजे ज्या काडतुसाची पेट घेणारी दारू बुडाच्या मध्यावर नसून कडेच्या पोकळ दुमडीत असते, त्या जातीचे. त्यातले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. काडतुसे तयार करण्याबद्दल जे लिहिले आहे, ते अमेरिकेसारख्या ज्या देशांत खासगी व्यक्तीला स्वतःपुरते हे काम कायद्याने करता येते, तिथल्या वाचकांसाठी आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. छंद म्हणून केले, हा बचाव होत नाही.

प्रश्न : आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाड्याच्या माळ्यावर एक जुनी रायफल सापडली. रिमफायर आहे का, कसे ओळखावे? घरात ठेवता येईल का?

आधी ती भरलेली नाही ना, हे बघा. ब्रीच (नळीचे मागचे तोंड) उघडा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासा. नळीखाली किंवा दस्त्यात नळकांड्याचे मॅगझीन (जादा काडतुसांची जागा) असेल तर तेही तपासा. काडतूस दिसले किंवा ब्रीच उघडेचना, तर तिथेच थांबा. हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर काही लावू नका.

उघडली, तर चेंबरसमोरच्या पोलादी तोंडाकडे बघा. फायरिंग पिनचे (काडतुसावर आपटणाऱ्या सुईचे) भोक मधोमध असेल तर सेंटरफायर, म्हणजे पेटणारी दारू बुडाच्या मध्यावर असलेली, वरच्या किंवा खालच्या कडेला असेल तर रिमफायर. भोकच नाही आणि घोड्याखाली छोटी बोंडी आहे, तर ती टोपीवर उडणारी बंदूक. आपल्याकडच्या जुन्या घरांत निघतात त्या बहुतेक टोपीच्या बंदुका, किंवा स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश सैनिकी रायफली, आणि त्या दोन्ही सेंटरफायर. रिमफायर निघालीच तर ती .२२ (इंचातले माप) असण्याची शक्यता सर्वाधिक.

कायद्याचे म्हणाल, तर कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. पण अट अशी, की ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करता, कसेही, उडवण्याजोगे नसावे. "शंभर वर्षांची आहे" एवढे पुरत नाही. उडवण्याजोगी आहे की नाही, हे आपण घरी ठरवायचे नसते. पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या. तोवर ती घेऊन हिंडू नका, आणि फोटो समाजमाध्यमांवर तर नकोच.

प्रश्न : वापरलेले रिमफायर काडतूस पुन्हा का भरता येत नाही? काड्यापेटीचे गूल ओले करून कडेत भरतात, असे चित्रफितींत दाखवतात. (ओहायो)

रिमफायरचे कवच पातळ पत्र्याचे, दाबून ओढलेले असते. बुडाची कड म्हणजे त्याच पत्र्याची पोकळ दुमड. कारखान्यात ओला स्फोटक लगदा मोजून कवचात टाकतात आणि यंत्रावर फिरवून तो दुमडीत सर्व बाजूंनी सारखा बसवतात. वाळला की वर दारू आणि गोळी. फायरिंग पिन कडेवर आपटली, की दुमडीच्या दोन भिंतींमध्ये तो लगदा चिरडतो आणि पेटतो. म्हणजे पत्रा पिनने चेपेल इतका मऊ हवा, आणि त्याच वेळी दाब सोसेल इतका जाडही हवा. या दोन अटी एकमेकींच्या विरोधात जातात. म्हणूनच मोठ्या ताकदीची रिमफायर काडतुसे फार टिकली नाहीत. १८६० च्या हेन्री रायफलीच्या .४४ काडतुसात २६ ते २८ ग्रेन (वजनाचे छोटे माप) काळी दारू आणि २०० ते २१६ ग्रेनची गोळी असे. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये घेतलेल्या .४५-७० सेंटरफायरमध्ये ७० ग्रेन दारूवर ४०५ ग्रेनची गोळी बसली. पातळ पत्र्याच्या कडेला तो भार पेलला नसता.

आता गुलाची गोष्ट. एकदा चेपलेल्या जागी पत्रा पातळ आणि कडक झालेला असतो. दुसऱ्या बाराला तो तिथेच फाटतो आणि वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. शिवाय हाताने भरलेला लगदा दुमडीत सारखा पोहोचत नाही. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पाचातली दोन पेटत नाहीत आणि एखादे उशिरा पेटते. गुलातले क्लोरेट जळून जो क्षार उरतो, तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि एका रात्रीत नळी गंजवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे मिश्रण घर्षणाला हळवे असते. वाळल्यावर काडीने दाबताना ते पेटले, तर ती काडी तुमच्या बोटांत असते. आम्ही याची कृती देत नाही आणि देणार नाही. यापेक्षा बऱ्या वाटा आहेत, त्या खाली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १८९० च्या दशकातली स्टीव्हन्स एकबारी रायफल आहे. नळीवर .३२ असे आहे, पण त्या मापाची काडतुसे बाजारात नाहीत. काय करावे? (टेक्सस)

नळीवरच्या आकड्यावर विसंबू नका. .३२ या एका आकड्यात शॉर्ट, लाँग, एक्स्ट्रा लाँग अशा लांब्या येतात. मधल्या काळात कोणी नळी आतून पुन्हा कोरली असेल, किंवा नवी नळी आत बसवली असेल, तर आकडा जुना आणि माप नवे. आधी दोन मापे घ्या.

पहिले नळीचे. मऊ, शुद्ध शिशाचा नळीपेक्षा किंचित जाड तुकडा घ्या. नळीत तेलाचा हात फिरवा, तुकडा तोंडाकडून लाकडी हातोडीने अलगद आत बसवा आणि पितळी गजाने चेंबरपर्यंत ढकला. त्याच्यावर उठलेला सर्वात मोठा व्यास म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खोबणीचे माप. खोबणी समसंख्येच्या असतील तर ते समोरासमोर मायक्रोमीटरने मोजता येते. पाच किंवा तीन खोबणी असतील, तर साध्या मायक्रोमीटरने माप कमी दाखवते. त्यासाठी व्ही-आकाराच्या ठोकळ्याचा मायक्रोमीटर लागतो. ढकलताना मध्येच तुकडा सैल पडला, तर त्या जागी नळी फुगलेली आहे. अशा नळीतून बार काढू नका.

दुसरे चेंबरचे. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसमध्ये वितळतो. चेंबर कोरडे आणि स्वच्छ करा, नळीत पुढे चिंधीचा बोळा घट्ट बसवा आणि ओता. थिजला की लगेच बाहेर काढा. तो आधी आकसतो आणि मग फुगत जातो. ओतल्यापासून साधारण एक तासाने त्याचे माप चेंबरइतके होते. तेव्हाच मोजा. दुसऱ्या दिवशी मोजाल तर माप मोठे येईल आणि कवच घट्ट बनेल.

माप .३२ लाँगचे निघाले, तर एक जुनी सोय आहे. .३२ लाँग कोल्ट हे सेंटरफायर काडतूस याच रिमफायरचे जोड भावंड. मार्लिनच्या १८९२ च्या रायफलीबरोबर दोन फायरिंग पिन येत, एक रिमफायरची आणि एक सेंटरफायरची. ग्राहकाला जे काडतूस मिळेल ते तो वापरी. बॅलर्ड रायफलींत अमेरिकी यादवीच्या काळातच आणखी एक युक्ती होती. ब्रीचब्लॉकमध्येच, म्हणजे ब्रीच बंद करणाऱ्या ठोकळ्यातच, टोपीची बोंडी असे, म्हणजे रिमफायर मिळाले नाही तर कवच सुटे भरून टोपीने पेटवायचे. दूरच्या मुलखातल्या ग्राहकाला काडतुसे मिळणार नाहीत, हे त्या कारखानदारांनी आधीच ओळखले होते. तुमच्या स्टीव्हन्सला मात्र असे काही नाही, आणि .३२ रिमफायर आज नियमित कुठेही बनत नाही. जुन्या पेट्या मिळतात, पण त्या संग्राहकांच्या किमतीत. त्यातल्या जुन्या पाऱ्याच्या पेटदारूने पितळ ठिसूळ झालेले असू शकते. ती काडतुसे कपाटात ठेवा, चेंबरमध्ये नाही.

प्रश्न : लेथवर कातलेली पितळी कवचे मिळतात, त्यात .२२ चे कोरे काडतूस बसवून भरतात म्हणे. हे नेमके कसे चालते? (इलिनॉय)

ही आज सर्वात चालणारी पद्धत आहे. जाड पितळाचे एकसंध कवच लेथवर कातलेले असते. बुडात मध्यापासून सरकवून एक भोक असते. त्या भोकात .२२ चे कोरे, म्हणजे गोळी नसलेले काडतूस अशा बेताने बसते, की त्याची कड बरोबर मोठ्या कवचाच्या कडेजवळ येते आणि रायफलीची पिन तिच्यावर पडते. .२२ पेटले की त्याची ज्वाला आतल्या काळ्या दारूला लागते. मोठे कवच पुन्हापुन्हा वापरता येते, दर बाराला बदलतो तो फक्त आतला .२२.

चुका बहुतेक चार ठिकाणी होतात.

कवच फिरलेले असते. .२२ एकाच बाजूला असल्याने ती बाजू पिनसमोरच यायला हवी. कवचाच्या बुडावर कानशीने बारीक खूण करा आणि चेंबरमध्ये ठेवताना ती पिनच्या बाजूला घ्या. रायफल तोंड वर करून बंद केली, तर कवच आत फिरू शकते, म्हणून आडवी धरून बंद करा. याच कारणाने ही कवचे नळकांडी मॅगझीनमधून चालवायची नाहीत. तिथे दिशा राखणे अशक्य. एकेक हाताने चेंबरमध्ये ठेवा.

.२२ वर उचललेले असते. तळाशी काजळी साचली की नवे .२२ पूर्ण बसत नाही आणि बुडाबाहेर केसभर डोकावते. ब्रीच जोर लावून बंद केली, तर ते बंद होतानाच फुटू शकते. दर बारानंतर भोक पाण्याच्या चिंधीने पुसा. बसवलेल्या कवचाच्या बुडावर पट्टी आडवी ठेवा. प्रकाशाची फट दिसली, तर ते वापरू नका.

.२२ फार ताकदीचे असते. सिमेंटमध्ये खिळे मारणाऱ्या यंत्राची कोरी काडतुसे वेगवेगळ्या ताकदीत, रंगाच्या खुणेने येतात. कोणी बरी म्हणून लाल-पिवळी घेतात. त्यातली दारू फार झपाट्याने जळते आणि तिचा दाब काळ्या दारूच्या दाबात भर घालतो. कवच बनवणाऱ्याने सांगितलेली सर्वात सौम्य जातच वापरा.

चौथी जागा रायफलीची. जुन्या रायफलीत पिन झिजून बोथट होते, किंवा मुळातच रुंद छिन्नीसारखी असते. कारखान्याच्या काडतुसात पिन कडेवर कुठेही पडली तरी चालते. या कवचात मात्र अचूक जागा लागते. आधी रिकामे मोठे कवच आणि उडवलेले .२२ घालून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून पिन पाडा, आणि खूण .२२ च्या कडेवर पडते की पितळावर, ते बघा. बाजूला पडत असेल, तर कवचच त्या रायफलीच्या मापाने कातून घ्यावे लागते. पिन कातत बसू नका.

प्रश्न : काळी दारू नक्की किती भरावी? धूरविरहित दारूचा अगदी कमी भार चालेल का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी : नाही. १८६० आणि ७० च्या दशकांतल्या नळ्या लोखंडाच्या किंवा मऊ पोलादाच्या, आणि हेन्री आणि १८६६ च्या विंचेस्टरची चौकट तर तांब्याच्या मिश्रधातूची. म्हणून ती पिवळी दिसते. धूरविरहित दारूचा दाब एकदम शिखराला जातो, आणि कमी भार मोठ्या कवचात सैल राहिला की तो कधी कसा पेटेल, याचा भरवसा नसतो. "दहा वेळा चालले" म्हणजे अकराव्यांदा चालेल, असे नव्हे.

काळ्या दारूत वजनापेक्षा जागा महत्त्वाची. गोळी आणि दारू यांच्यामध्ये हवेची पोकळी अजिबात नको. पोकळी राहिली, तर नळी फुगण्याची भीती असते. म्हणून भार कवच ठरवते. .२२ बसवून झाल्यावर कवचात गोळीचा बसणारा भाग सोडून जितकी दारू मावते, त्याहून किंचित जास्त घ्या, आणि गोळी बसवताना ती साधारण दीड मिलिमीटर दाबली जाऊ द्या. लांब नळीच्या नरसाळ्यातून हळूहळू ओतली तर दाणे नीट बसतात. छोट्या कवचांना बारीक, तीन एफ दाण्याची, आणि स्पेन्सर रायफलीच्या कवचांसारख्या मोठ्यांना जाड, दोन एफ दाण्याची दारू वापरतात. दारूवर पुठ्ठ्याची पातळ चकती ठेवा, म्हणजे गोळीचे मेण दारूत उतरत नाही.

गोळी मऊ शिशाची, फार तर वीस-तीस भागांना एक भाग कथील. वंगण मेण आणि चरबी, वजनाने अर्धे-अर्धे. खनिज तेलाचे ग्रीस काळ्या दारूच्या राखेशी मिळून डांबरासारखा थर होतो, तो टाळा. शिसे वितळवताना खिडक्या उघड्या हव्यात, आणि पाण्याचा एक थेंबही भांड्याजवळ नको. तो वाफ होऊन वितळलेले शिसे उडवतो. उघडी ज्योत दारूपासून दूर, आणि डब्यातून थेट कवचात ओतणे नाही. दारू आधी मापात, मग कवचात.

एक अडचण इथे कायम येते. बहुतेक जुन्या रिमफायरमध्ये गोळीचा बाहेरचा भाग कवचाइतकाच जाड असतो आणि आत जाणारी टाच तेवढी बारीक. आजच्या .२२ लाँग रायफलमध्येही तीच रचना आहे. जाड पितळी कवचाच्या तोंडाची कातलेली धार दुमडता येत नाही. म्हणून गोळी टाचेत घट्ट बसेल असा साचा करून घ्यावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे कवचाच्या आत बसणारी बारीक, मऊ गोळी, जिच्या बुडात पोकळी असते. बार झाला की ती पोकळी फुगून गोळी खोबणीत धरते. ज्याला साचा परवडत नाही, त्याने हा मार्ग घ्यावा. आमच्या मते दुसरा मार्गच सोपा, फक्त पोकळी मध्यावर हवी, नाहीतर गोळी डोलत जाते.

प्रश्न : स्पेन्सर रायफलीच्या ५६-५६, ५६-५२, ५६-५० या काडतुसांत काय फरक?

पहिला आकडा कवचाच्या बुडाजवळचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागात. दुसरा तोंडाशी असलेला व्यास. म्हणजे बूड एकच, तोंड वेगळे. ५६-५० साठी आज सहसा .५०-७० चे सेंटरफायर पितळ कापून आखूड करतात आणि रायफलीत सेंटरफायरचा वेगळा ब्रीचब्लॉक बसवतात. मूळ ब्लॉक तेल लावून, कागदात गुंडाळून रायफलीसोबतच ठेवा. पुढे विकायची वेळ आली, तर निम्मी किंमत त्यातच असते. आणि मॅगझीन दस्त्यात असल्याने एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकते. रिमफायरमध्ये ते निभावून जाई. सेंटरफायर केल्यावर तिथे पेट घेणारी टोपी असते, म्हणून सपाट टोकाचीच गोळी घ्या. हीच अट हेन्रीच्या आणि स्विस व्हेटर्लीच्या नळकांड्यालाही लागू आहे.

प्रश्न : स्विस व्हेटर्ली विकत घ्यायची आहे. रिमफायर असून तिच्यात काडतुसे कशी चालवतात? (पेनसिल्व्हेनिया)

एक गोष्ट आधी पक्की करा : व्हेटर्ली स्विस की इटालियन? इटलीची १८७० ची व्हेटर्ली जन्मतःच सेंटरफायर आहे, आणि तिच्या कित्येक रायफली पहिल्या महायुद्धात ६.५ मिलिमीटरमध्ये बदलल्या गेल्या. स्विस रायफलीचे काडतूस १०.४ मिलिमीटरचे, रिमफायर. त्यात पावणेचार ग्रॅम काळ्या दारूवर साधारण २० ग्रॅमची गोळी असे. १८६९ पासून १८८९ मध्ये श्मिट-रुबिन येईपर्यंत स्विस सैन्याची ती मुख्य रायफल होती. मोठ्या ताकदीच्या रिमफायरचे हे शेवटचे मोठे उदाहरण. तिची पिन दुफाटी आहे, एकाच वेळी कडेवर दोन जागी आपटते. एका जागी लगदा कमी असला, तर दुसऱ्या जागी पेटेल, हा हेतू. हेन्रीमध्येही अशाच दोन पिन आहेत. अमेरिकेतल्या १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईच्या रणभूमीवर पुरातत्त्वज्ञांना सापडलेल्या कवचांवर त्या दुहेरी खुणा दिसतात, आणि त्यावरून कोणते कवच कोणत्या जातीच्या रायफलीतले, हे सांगता येते.

आता चालवायचे कसे. बहुतेक जण बोल्टचे, म्हणजे ब्रीच बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचे, डोके सेंटरफायर करून घेतात. हे काम एकदा केले की पूर्ववत होत नाही, म्हणून सुटा दुसरा बोल्ट मिळाला तर तो बदला, रायफलीचा क्रमांकित बोल्ट नको. कवचे ८ मिलिमीटर लेबल किंवा .३४८ विंचेस्टरच्या पितळापासून करतात. .३४८ बुडाशी थोडे जाड असते, ते लेथवर उतरवावे लागते. दोन्हींत लांबी कापून, तोंड चेंबरच्या साच्याप्रमाणे आकारात आणावे लागते. पहिल्या दोन-तीन कवचांवर, विना दारू, बोल्ट सहज बंद होतो का ते बघा. जोर लागत असेल, तर कवचाचा खांदा मागे ढकलायला हवा. दांडीवर जोर देऊन ते होत नाही.

एक सल्ला : मूळ अवस्थेतली, क्रमांक जुळणारी रायफल असेल, तर ती नेमबाजीसाठी घेऊ नका. आधीच बदललेली, संग्राहकाच्या दृष्टीने कमी मोलाची घ्या. ती स्वस्त पडते आणि बोल्टला हात लावताना हात थरथरत नाही.

प्रश्न : नळीवर फक्त .२२ लिहिले आहे. कुठलेही .२२ घालावे काय?

नाही. .२२ शॉर्ट, लाँग, लाँग रायफल आणि .२२ डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिमफायर) ही वेगळी काडतुसे आहेत. डब्ल्यूआरएफचे कवच ६.१५ मिलिमीटर जाड, लाँग रायफलचे ५.७४. डब्ल्यूआरएफच्या चेंबरमध्ये लाँग रायफल सहज जाते आणि सैल बसते. पिन पडली की पातळ कवच फाटते. विंचेस्टरच्या १८९० च्या पंप रायफली त्या वेळी तीन वेगळ्या चेंबरमध्ये निघत, शॉर्ट, लाँग आणि डब्ल्यूआरएफ, आणि त्यांची काडतुसे एकमेकांत चालत नाहीत. नळीवर कोरलेले पूर्ण नाव वाचा. पुसट असेल, तर चेंबरचा साचा ओतून बघा.

शॉर्ट काडतुसे लाँग रायफलच्या चेंबरमध्ये उडतात खरी, पण रोज तेच केले तर आखूड कवचाच्या पुढे चेंबरमध्ये शिसे आणि काजळीचे कडे धरते. मग लाँग रायफलचे कवच तिथे अडकून बाहेर येत नाही. आणि १९३० पूर्वीच्या रायफलीत अति-वेगाची काडतुसे घालू नका. त्या वेळी ती अस्तित्वातच नव्हती. ४० ग्रेनची साधी, सेकंदाला सव्वातीनशे मीटर वेगाची काडतुसे पुरतात, आणि कागदी लक्ष्यावर ती सहसा जास्त नीट जमतात. एनसीसीत ज्यांनी नेम धरला, त्यांच्या हातात .२२ रिमफायरच असे, ली-एनफिल्डच्या अंगाची एकबारी. तिच्या शिस्तीतला एक नियम इथेही कामाचा आहे : काडतूस घालण्याआधी नळी आणि बोल्ट डोळ्याने बघणे.

प्रश्न : बार होत नाही, किंवा उशिरा होतो. कारण कसे शोधावे?

बार झाला नाही, तर आधी काहीच करू नका. रायफल लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा. काळी दारू असेल तर एक मिनिट. मग ब्रीचच्या मागे तोंड न आणता उघडा.

काडतुसावरची पिनची खूण वाचा. खूण खोल आणि कडेवर बरोबर आहे, तर दोष काडतुसाचा. उथळ आहे, तर घोड्याची स्प्रिंग दमलेली, पिन आखूड झालेली, किंवा पिनच्या वाटेत वाळलेले तेल. बोल्ट खोलून वाटेतले जुने तेल काढा, आणि थंडीत त्या वाटेत तेल घालूच नका. खूण कडेच्या आत, बुडाच्या सपाट भागावर आहे, तर पिनची नोक झिजली आहे. खूण नीट आहे पण काडतूस पुढे सरकून बसलेले असते, तर चेंबरमधली कडेची खाच घाणीने किंवा झिजेने खोल झाली आहे. .२२ लाँग रायफलमध्ये कडेची जाडी सुमारे १.१ मिलिमीटर असते. एवढ्या पातळ कडेला खाच थोडी जरी खोल असली, तरी पिनचा जोर काडतूस पुढे ढकलण्यात जातो.

उशिरा बार होण्याचे कारण कातलेल्या कवचात बहुधा ज्वालेच्या वाटेतली काजळी असते, किंवा दारू ओली असते. सर्व गोळ्या एका बाजूला जात असतील, तर उशिरा बारामुळे नेम हलतो आहे का, हे बघा.

प्रश्न : बारानंतर साफ कसे करावे?

पाण्याने, आणि त्याच दिवशी. काळ्या दारूची राख आणि जुन्या पेटदारूतला क्षार दोन्ही पाण्यात विरघळतात. नळी साफ करायचे नेहमीचे तेल या क्षाराला उचलत नाही. वरून चकाकते आणि आत गंजते. गरम पाणी आणि थोडा साबण, चार-पाच ओल्या चिंध्या, मग पितळी तारेचा ब्रश, पुन्हा ओल्या, मग कोरड्या, शेवटी तेलाचा पातळ हात. स्टीव्हन्ससारख्या एकबारीत दांडा मागून घाला. हेन्री, विंचेस्टरमध्ये मागून शिरत नाही. तेव्हा तोंडावर लाकडी किंवा पितळी बुच बसवून त्यातूनच दांडा चालवा. नळीच्या तोंडाची कड दांड्याने घासली की गोळी निघतानाच वाकडी होते, आणि ती कड पुन्हा कातल्याशिवाय नेम परत येत नाही. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी पुन्हा फिरवा. तांबूस आली, तर सगळे पुन्हा करा.

प्रश्न : रिकाम्या रायफलीचा चाप दाबून सराव करावा का?

रिमफायरमध्ये नको. काडतूस नसेल, तर पिन थेट चेंबरच्या पोलादी कडेवर आपटते. तिथे आत उचललेला बारीक कंगोरा तयार होतो. मग काडतूस आत जाताना घासते आणि बाहेर येताना अडकते. .२२ साठी तो कंगोरा परत दाबून सरळ करणारे हत्यार मिळते, पण जुन्या मोठ्या मापांसाठी कारागिराकडेच जावे लागते. सराव करायचाच, तर उडवलेले कवच चेंबरमध्ये ठेवून, आणि ते दर वेळी थोडे फिरवून.